मूस की मूसा? लेकीचं लॅटिन आणि पेटी (हार्मोनियम) एकत्र बसवताना अडलंय

केळीबागवाली (रावेर तालुका)

नमस्कार. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, म्हणून आधी घरचं सांगते.

लेक दहा वर्षांची. मागच्या जूनपासून शाळा बंद, घरीच शिकते. कारणांचं दळण इथे दळत नाही. तिला दमा आहे आणि शाळेची गाडी सकाळी सव्वासहाला फाट्यावर यायची, एवढ्यावरून समजून घ्या. मी बॉटनी घेऊन बीएस्सी झालेली. लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग केळीच्या पानावरचा करपा ओळखण्यापुरता. घरात सासूबाई आहेत. त्यांचं बोलणं अस्सल लेवा वळणाचं, आणि लेक त्यांच्या मांडीवर वाढली म्हणून तिचंही तसंच.

लॅटिन आमच्या घरात केळीच्या रोपांबरोबर आलं. कांदेबागेसाठी (पावसाळा सरतानाची केळीची लागवड) टिश्यू कल्चरची जी-नाईन, म्हणजे ग्रँड नैन जातीची रोपं उतरवत होतो, ट्रेला चिठ्ठी होती: 'मुसा अक्युमिनाटा, ग्रँड नैन'. लेक म्हणे, मुसा म्हणजे काय? म्हटलं, केळीचं शास्त्रीय नाव, लॅटिन. "पण त्याचा अर्थ काय?" बघितलं तर मुसा दोन निघाल्या. केळीची मुसा अरबी 'मौझ'वरून आली असं बहुतेक जण मानतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ च्या ग्रंथात ती छापली. दुसरी मुसा फार जुनी, ग्रीकांकडून रोमनांकडे गेलेली कलेची देवता, जिच्यावरून 'म्युझिक' शब्द निघाला. दोघींचा संबंध नाही हे मी तिला दोनदा समजावलं. तरी दसऱ्याला तिने पेटीपुढे केळीचं पान ठेवलंच. (ग्रँड नैन हे फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'थोरली बुटकी', यावर आमच्याकडे दोन दिवस हसणं चाललं होतं.)

तर त्या दिवसापासून तिने लॅटिनचा हट्ट धरला. मी एक जुनं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक मोबाईलवर उतरवून घेतलं आणि तिच्या एक पान पुढे राहून शिकवते आहे. पेटी आणि गाणं ती सावद्याच्या एका बाईंकडे आठवड्यातून दोनदा शिकते. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांतली प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथमची तयारी चालू आहे.

आता खरी अडचण. दिवसाला दोन वेगळे तास निघेनात. तेव्हा मला युक्ती सुचली की विभक्ती गाऊनच पाठ करायच्या. तीनताल धरायचा, एका अक्षराला एक मात्रा, सूर भूप रागाचे. मूसा, मूसाम, मूसाय अशी पायरीपायरीने वर जायचं. काय सांगू, आठ दिवसांत सगळा तक्ता तोंडपाठ! ओट्यावर पेटी घेऊन बसली की सासूबाई विचारायच्या, "काय मंत्र म्हनू राह्यली व माय हे?"

मग पुस्तकात वाक्यं आली. दोन वाक्यं एकाखाली एक: 'रोसा पुएल्लाम ओर्नात'. आणि पुन्हा 'रोसा पुएल्लाम ओर्नात'. माझ्या वहीत दोन्ही अगदी सारखी. लेकीने दोन्हींचं भाषांतर केलं, "गुलाब मुलीला शोभा आणतो." मीही तेच केलं असतं. मागे उत्तर पाहिलं तर पहिल्याचं तेच, पण दुसऱ्याचं "ती गुलाबाने मुलीला सजवते". लेक म्हणाली, "मम्मी, पुस्तक चुकलं." मला काही सांगता आलं नाही.

पुस्तक चुकलंय की आम्ही? गाण्यात बसवून शिकवणं हेच मुळात चुकीचं आहे का? आणि दोन्ही विषय एकाच तासात घेणारं इथे कुणी आहे का? उच्चाराचाही गोंधळ आहे. व्हिडिओत एक जण 'चिचेरो' म्हणतो, दुसरा 'किकेरो', आणि माणूस एकच, जुना रोमन वक्ता.

---

पाचोरेकर

ताई, राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. लॅटिन शिकून पोरगी करणार काय? जळगावला लॅटिन बोलायला कोण आहे? संस्कृत घ्या. परीक्षेला चालतं, गुण मिळतात, शिकवायला माणूस मिळतो, गाण्यात श्लोक बसतात. पोरीचा दमा समजू शकतो, पण हौसेपायी वर्ष वाया घालवू नका. पुढे दहावीचं काय करणार, तेही लिहिलेलं नाही.

---

चोपड्याची मावशी

दहावीचं मी सांगते, माझ्या मोठ्याचं त्यातूनच गेलंय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. नाहीतर शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची दहावी द्यायचा आपला १७ नंबरचा फॉर्म आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकण्याबद्दल सरळ असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे जो तो आपापल्या परीने अर्थ लावतो. तुम्ही वह्या, तारखा आणि गांधर्वची प्रमाणपत्रं नीट फाईलला लावून ठेवा. शेजारीपाजारी विचारतात, त्यांना फाईल दाखवली की गप्प बसतात. लॅटिनमधलं मला ओ की ठो कळत नाही.

---

वसईकर

खान्देशातून लॅटिनबद्दल प्रश्न येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी वसईचा, चर्चच्या गायनवृंदात तीस वर्षं गातोय. आमच्या आजोबांच्या पिढीला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्येच होती. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ भरली, त्यानंतर मराठी आली. आजोबांना अर्थ अर्धाच कळायचा, पण चाली मुखोद्गत.

आधी उच्चार. तुम्ही ऐकलेले दोन्ही बरोबर आहेत, दोन वेगळ्या काळांचे. चर्चमध्ये इ-ए च्या आधीचा क हा 'च' होतो, म्हणून चिचेरो. जुन्या रोमनांच्या तोंडी तो कायम 'क'. 'अग्नुस' आम्ही 'आन्युस' गातो, जुना उच्चार 'अग्नुस'. चर्चचं गायचं असेल तर आमचा उच्चार, जुने कवी वाचायचे असतील तर दुसरा. एका वेळी एकच धरा, नाहीतर पोरीचं कडबोळं होईल.

आता गाणं आणि लॅटिन एकत्र. ताई, हे तुमच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. पाश्चात्त्यांची सारेगम लॅटिन गाण्यातूनच जन्मली. अकराव्या शतकात इटलीत ग्वीदो नावाचा साधू होता, अरेत्सोचा. त्याच्याकडच्या पोरांना चाली पाठ करता करता वर्षं लोटायची. त्याने संत योहानाचं एक स्तोत्र घेतलं. त्यातली प्रत्येक अर्धी ओळ आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होते:

उत् क्वेआन्त लाक्सिस
रेसोनारे फीब्रिस
मीरा जेस्तोरुम
फामुली तुओरुम
सोल्वे पोल्लूती
लाबिई रेआतुम

आणि शेवटी 'सांक्ते योहान्नेस'. भावार्थ असा: तुझ्या सेवकांना तुझी अद्भुत कृत्यं मोकळ्या गळ्याने गाता यावीत, म्हणून त्यांच्या मलिन ओठांवरचा दोष काढून टाक, संत योहाना.

प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घ्या: उत्, रे, मी, फा, सोल, ला. हेच सुरांचं नाव झालं. 'उत्' म्हणताना शेवटी जीभ दातांना टेकते, सूर लांबवता येत नाही, म्हणून सतराव्या शतकात इटलीत त्याचं 'दो' झालं. 'सी' मागाहून आला, सांक्ते योहान्नेसच्या आद्याक्षरांवरून. योहान्नेसचं लॅटिन आद्याक्षर आय आहे. ग्वीदोने एका पत्रात लिहिलंय की आधी दहा वर्षांतही जे नीट जमत नसे ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत जमतं. आमच्या गायनवृंदाकडे बघून मला ते पटत नाही, पण असो.

एक सावधगिरी. आपलं सारेगम ऐकून त्याने हे केलं असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. तुमचा रे ऋषभाचा, त्याचा रे 'रेसोनारे'चा. स्तोत्र डोळ्यांपुढे आहे, त्यात कुठेही आडपडदा नाही.

लेकीला हे सहा ओळींचं स्तोत्र पेटीवर बसवून द्या. अर्थ, व्याकरण आणि सूर तिन्ही एकाच कागदावर मिळतील. तिचा सा कुठल्या पट्टीत आहे ते कळवा, मी चाल सरगममध्ये लिहून देतो.

---

निवृत्त मास्तर, धुळे

ताई, एकच विचारतो. त्या इंग्रजी पुस्तकात काही स्वरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आहेत का?

---

केळीबागवाली

वसईकर दादा, काय सांगू, 'उत्'चं वाचून लेकीने ताबडतोब पेटीवर 'उत्' लांबवून पाहिला आणि जीभ अडकते म्हणून हसत बसली. तिचा सा काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). चाल जरूर पाठवा.

पाचोरेकर दादा, राग नाही. पण इतकं सांगते: उडदाचं शास्त्रीय नाव 'विग्ना मुंगो' आहे आणि मुगाचं 'विग्ना रेडिआटा', हे बीएस्सीला मी घोकून पाठ केलं होतं आणि दर परीक्षेला उलट लिहायची. कापसाचं 'हिर्सुटम' म्हणजे केसाळ, ज्वारीचं 'बायकलर' म्हणजे दुरंगी, हे मला कुणी सांगितलंच नाही. लेक आता शेतात चालता चालता विचारते, सातिवा म्हणजे काय? पेरलेली. इंडिका म्हणजे? आपल्याकडची. माझी तीन वर्षं घोकण्यात गेली, तिला ते शब्द बोलतात. संस्कृतही घेऊच, पळून जात नाही ते.

मास्तर, हो! रेघा आहेत. काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी नाहीत. मला वाटलं डिक्शनरीत उच्चार दाखवायला खुणा असतात तसलं काहीतरी असेल. वहीत उतरवताना मी त्या सोडून दिल्या. का?

---

निवृत्त मास्तर, धुळे

सापडलं. पुस्तक बरोबर आहे आणि लेकही प्रामाणिक आहे. चूक त्या सोडलेल्या रेघांची.

ती रेघ म्हणजे दीर्घ स्वर. दुसरं काही नाही. लॅटिनमध्ये या शब्दांचं प्रथमेचं रूप शेवटी ह्रस्व असतं आणि 'गुलाबाने' म्हणायचं असेल तेव्हा दीर्घ. अक्षरं तीच, फरक फक्त लांबीचा. तुमच्या दुसऱ्या वाक्यात पहिल्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर रेघ असणार, जाऊन बघा.

आता हे आपल्या लिपीत का बुडालं ते पाहा. लॅटिनचा ह्रस्व अ आपल्या अ पेक्षा उघडा आहे, आखूड आ सारखा. ऐकणाऱ्याला 'मूसा' ऐकू येतं, म्हणून तुम्ही दोन्हीकडे काना दिलात. उलट काना न देता 'मूस' लिहिलं तर मराठी डोळा ते 'मूस्' असं वाचतो, शेवटचा अ खाऊन टाकतो. सोनाराची मूस होते! तेव्हा संस्कृत वाचल्यासारखं वाचायचं. 'रामः वनं गच्छति' मधल्या 'वनं'चा न जसा पूर्ण, तसा 'मूस'चा स पूर्ण. वहीत असं लिहा:

प्रथमा: मूस
संबोधन: मूस
द्वितीया: मूसम्
षष्ठी: मूसइ
चतुर्थी: मूसइ
पंचमी: मूसा

शेवटचा 'अइ' एका झटक्यात म्हणायचा. आणि या पंचमीला नुसती पंचमी समजू नका. संस्कृतातली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी, तिघींचा संसार लॅटिनमध्ये ही एकटी ओढते. 'ने', 'हून', 'त' सगळं तिच्याच पदरात. म्हणून तर तिची लांबी हरवून चालत नाही.

लेकीला संस्कृत सुरू कराल तेव्हा 'रमा' समोर ठेवा, तिला गंमत वाटेल. आपल्याकडे प्रथमा दीर्घ, रमा. तिकडे ह्रस्व, मूस. पण द्वितीयेचं अनेकवचन 'रमाः' आणि 'मूसास्' शेजारी ठेवले तर बहिणी शोभतात. मातृ-मातेर, सप्त-सेप्तेम, अष्ट-ओक्तो ही यादी तुम्हाला कुठेही मिळेल. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात हे नातं बोलून दाखवलं. फक्त सारखं दिसलं की नातं जोडायची सवय मुलीला लावू नका. लॅटिनचा 'देउस' आपल्या देवाचा भाऊबंद आहे, ग्रीकांचा 'थेओस' (अर्थ देवच) नाही, जरी तो कानाला तितकाच जवळचा वाटतो. तुमच्या दोन मुसांसारखंच.

आता मुद्द्याचं. गाण्यात बसवणं चूक आहे का, असं तुम्ही विचारलंत. गाणं चूक नाही, एका अक्षराला एक मात्रा ही चूक आहे. लॅटिन कविता आपल्यासारखीच लघु-गुरूंवर चालते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा आपला नियम तिकडेही जसाच्या तसा. (त्र, ब्र अशा जोडाक्षरांआधी त्यांचे कवी सवलत घेतात. आपलेही 'तुझ्या' मधल्या तु ला कुठे गुरू करतात?) तुम्ही सगळ्या अक्षरांना सारखी मात्रा वाटलीत, त्यात मूस आणि मूसा एका मापाचे झाले. शिवाय पोरं गाताना ओळीचं शेवटचं अक्षर ओढतात. नेमकी तिथेच विभक्ती बसलेली असते.

वसईकरांच्या स्तोत्राबद्दल थोडं. त्याची पहिली ओळ मी जुन्या उच्चाराने मोजून पाहिली. 'उत् क्वेअन्त् लाक्सिस् रेसोनारे फीब्रिस्', यातले क्वे, रे आणि सो ह्रस्व. अक्षरं अकरा. गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, ओळखायचं यमाताराजभानसलगम् हे सूत्र लावा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू):

गा ल गा, गा गा ल, ल गा ल, गा गा

म्हणजे र त ज ग ग. आता आपलं इंद्रवज्रा वृत्त काय? त त ज ग ग. एक पहिला गण सोडला तर ओळ तीच! मी चाळीस वर्षं वर्गात इंद्रवज्रा शिकवलं आणि हे मला परवा रात्री, वसईकरांची ओळ कागदावर उतरवल्यावर दिसलं. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, झोपा.

पण वसईकर, तुम्ही जी चाल गाता तिच्यात ही लांबी उरलेली नाही, बरोबर ना? ग्वीदोच्या काळापर्यंत लोकांच्या बोलण्यातून ती केव्हाच गेली होती.

---

वसईकर

बरोबर. आम्ही अक्षराअक्षराला साधारण सारखा वेळ देतो, जोर कुठे द्यायचा तेवढं बघतो. म्हणजे रावेरच्या ताईंनी तीनतालात जे केलं ते नकळत आमच्या साधूंसारखंच झालं. स्तोत्र सूर शिकायला घ्या, ह्रस्व-दीर्घ शिकायला मास्तरांचं ऐका. चाल वेगळ्या निरोपात पाठवली आहे, काळी चारच्या हिशेबाने.

---

ठेका (जळगाव)

मी तबल्याचे क्लास घेतो. व्याकरणात माझा जीव नाही, पण मात्रांचं गणित माझं आहे म्हणून बोलतो.

ताई, तीनताल सोडा. सोळा मात्रांत लहान पोर हरवतं. केरवा घ्या, तोही अर्धाच: धा गे ना ती, चार मात्रा. एक रूप, अर्धा केरवा. 'मूसा'त मू ला दोन, सा ला दोन, चारही भरल्या. 'मूस'मध्ये मू ला दोन, स ला एक. चौथी मात्रा उरली. ती भरायची नाही! तिथे हात वर, भाता बंद, तोंड बंद. पोरांना भरलेली मात्रा लक्षात राहत नाही, रिकामी राहते. माझ्याकडे सम (ठेक्याची पहिली, जोराची मात्रा) चुकणारी मुलं 'खाली' (टाळीऐवजी हात मोकळा ठेवायची मात्रा) कधी चुकत नाहीत.

'मूसम्'ला शेवटी ओठ मिटतील, त्या मिटलेल्या ओठांत चौथी मात्रा जाऊ द्या. सहा मात्रांचं रूप आलं तर ठेका बदलून दादऱ्यात जाऊ नका, ते पुढच्या फेरीत सांडू द्या. आणि सुरुवातीला सूर नकोतच. नुसती टाळी. भूप कुठे पळून जात नाही.

पेटीवाल्या बाईंना हे आधी विचारा मात्र. दोन गुरूंच्या दोन पद्धती झाल्या की मुलाचं वाटोळं होतं, हे मी रोज बघतो.

---

पाचोरेकर

मला वाटलं होतं इथे दोन प्रतिसाद येतील. त त ज ग ग वाचून मला आमचे हायस्कूलचे सर आठवले. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण ते स्तोत्र मुलीने वाजवलं की रेकॉर्डिंग टाका.

---

केळीबागवाली

तीन आठवडे झाले, मध्ये बागेची कामं होती म्हणून उशीर.

आधी बाईंना विचारलं. त्यांनी टाळीचं ऐकून घेतलं, म्हणाल्या, करा, फक्त प्रवेशिकेच्या अलंकारांचा (सुरांच्या पलट्यांचा) वेळ त्यात खाऊ नका. तेव्हा ठरलं ते असं: सकाळी अलंकार आणि राग, तिथे लॅटिनचं नावही काढायचं नाही. संध्याकाळी वीस मिनिटं टाळी आणि विभक्ती, आणि रविवारी वसईकर दादांचं स्तोत्र. एकाच तासात सगळं कोंबायचं डोक्यातून काढलं.

पहिले चार दिवस रडारड झाली. तीनतालातलं जे पाठ झालं होतं ते तोंडातून जाईना. 'मूस' म्हणताना शेवट आपोआप लांबायचा, मग स्वतःवर चिडायची. नवीन शिकण्यापेक्षा शिकलेलं पुसणं अवघड, आणि ते माझ्यामुळे होतं, त्यामुळे मला ओरडताही येईना. पाचव्या दिवशी मूस सोडून दिलं आणि 'सिल्व' घेतलं, म्हणजे रान. हे तिने कधी गायलेलं नव्हतं. सिल्व, सिल्वम्, सिल्वइ, सिल्वा. एकदाही चुकलं नाही! मग रोस, मग पुएल्ल, आणि मूस सगळ्यात शेवटी परत आणलं.

रिकाम्या मात्रेला ती हात वर करते तेव्हा भाता खरंच बंद करते. पेटीचा उरलेला वारा सुस्कारा टाकल्यासारखा बाहेर येतो आणि त्याला ती 'प्रथमेचा दम' म्हणते. दमेकरी पोरीने असं नाव ठेवावं, मला हसावं की काय ते कळेना.

मास्तर, रेघा सगळ्या वहीत परत काढल्या, लाल पेनाने. दुसऱ्या वाक्यात रेघ होती, तुम्ही म्हणालात तिथेच. आणि तुमच्यासाठी एक प्रश्न तिने दिला आहे. पिंपळ 'फिकुस रेलिजिओसा'. फिकुस हा उस् वाला शब्द दिसतो, मग विशेषण रेलिजिओसुस का नाही? मी पुस्तकात शोधलं तर लॅटिनमध्ये झाडं बहुतेक स्त्रीलिंगी, शेवट कसाही असो. तिला ते फार आवडलं, कारण आपल्याकडे तो पिंपळ आणि ती चिंच. वड पण तिकडे बाई झाला, 'फिकुस बेंघालेन्सिस'. आता तिला विचारायचं आहे की संस्कृतात झाडं कोण असतात.

परवाचं सांगते. अंगणात भरताची वांगी भाजायला पऱ्हाटीच्या काड्या पेटवल्या होत्या. सासूबाई वांगी फिरवत होत्या, लेक बाजूला बसून हाताने टाळी देत होती आणि मी पुस्तक बघून शब्द देत होते. एकदा तिने घाईत रिकामी मात्रा भरून टाकली. मी पुस्तकात बघत होते, माझ्या लक्षातही आलं नाही. सासूबाई वांग्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "लांबलं व ते. हे 'ने' वालं झालं."

त्यांना लिहिता येत नाही, लॅटिन हा शब्दही त्या 'लाटीन' म्हणतात, लाटणं म्हटल्यासारखा. रोज ओट्यावर ऐकून ऐकून त्यांनी तेवढं धरलं होतं. लेकीने तिथल्या तिथे त्यांची परीक्षा घेतली. दहांपैकी आठ बरोबर आले. चुकलेल्या दोनांत एकदा लेकीनेच नीट म्हटलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर अजून वाद चालू आहे.

पाचोरेकर दादा, रेकॉर्डिंग केलं आहे, पण मागे कोंबडा आहे. ठेका सर, उस् वाले शब्द सुरू केलेत, 'हॉर्तुस', म्हणजे बाग. 'हॉर्तुस' आणि द्वितीया अनेकवचनाचं 'हॉर्तोस', दोन्ही चार मात्रांत भरून जातात, रिकामी मात्रा कुठेच उरत नाही. तिथे काय करायचं?